म्हशीचं दूध, पनीरचं पाणी, ताक सगळं चालू आहे, तरी बेंच ४० किलोवरच. प्रोटीन कमी पडतंय का?

मानेवाडा६२

वय २३, उंची ५ फूट ८ इंच, वजन ६२ किलो. शाकाहारी, अंडीही नाहीत. जिम सकाळी ६ वाजता, आठवड्यातून ६ दिवस, रोज एक बॉडीपार्ट. सोमवारी चेस्ट. बेंच (बाकावर उताणं पडून बार वर ढकलणं) ४० किलोचे ३ सेट, १०-१० रेप्स (रेप म्हणजे एकदा उचलणं). दीड महिना झाला, आकडा हलला नाही, वजनकाटाही नाही.

खाणं: सकाळी पोहे, दिवसभरात ६ पोळ्या, २ वाट्या वरण, भात, भाजी. पिणं: म्हशीचं रतिबाचं दूध अर्धा लिटर, जिमला निघायच्या आधी. दुपारी दोन ग्लास ताक. घरी पनीर केलं की त्याचं पाणी, कारण तेच असली व्हे (दूध फाटल्यावर उरणारं पाणी, त्यातलं प्रोटीन पावडर करून विकतात) असं जिममध्ये सांगतात. रात्री एक ग्लास दुधात ३० ग्रॅम स्किम्ड मिल्क पावडर घेत होतो, पोट ढोलासारखं फुगायचं म्हणून बंद केली.

विचारायचं एवढंच: डब्याची व्हे पावडर घ्यावीच लागेल, की दुधा-दह्यावर भागेल? आणि मे महिन्यात हे सगळं टिकवायचं कसं?

---

वरणभात_हिशेब

भाऊ, आधी बेरीज करू, मग डबा घ्यायचा की नाही ते ठरवू.

तुमचं लक्ष्य वजनाच्या किलोमागे १.६ ग्रॅम, म्हणजे रोज १०० ग्रॅमच्या आसपास. हा आकडा २०१८ साली आलेल्या एका मोठ्या आढाव्यातला आहे. ४९ अभ्यास एकत्र केले होते आणि सरासरी १.६ च्या पुढे जास्तीच्या प्रोटीनचा स्नायूंना वेगळा फायदा दिसला नाही. आपल्याकडच्या आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) ०.८३ ग्रॅमचा आकडा सर्वसाधारण निरोगी माणसासाठी आहे, बारबेल उचलणाऱ्यासाठी नाही. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त एकमेकांच्या जागी वापरू नका.

आता तुमचं ताट. ३० ग्रॅम कणकेची एक पोळी ३ ग्रॅम, सहा पोळ्यांचे १८. वरण वाटीमागे ६, पण ती वाटी ३० ग्रॅम कोरड्या डाळीची असेल तर. पाणीदार वरण असेल तर निम्मे धरा. भात, भाजी, पोहे मिळून १५. झाले ४५. दूध अर्धा लिटर, १९. ताक दोन ग्लास, फार तर ५. पनीरचं पाणी, जवळजवळ काही नाही. एकूण ७०. रोज ३० ग्रॅमचा खड्डा आहे.

तो भरायचा सगळ्यात स्वस्त उपाय डेअरीत नाहीच, तो किराणा दुकानात आहे: सोयाबीन वडी. ४० ग्रॅम वडीत २० ग्रॅम प्रोटीन. यात चूक एकच होते, लोक भिजवलेली वडी तोलतात. भिजल्यावर ती अडीच-तीन पट जड होते, म्हणजे तोललेले ४० ग्रॅम खरे १५ ग्रॅमच असतात. कोरडी तोला. वर मूठभर फल्लीदाणे (शेंगदाणे) खाल्ले, ३० ग्रॅम, तर ७ ग्रॅम अजून.

डब्याचं गणित लावायचं तर एक ग्रॅम प्रोटीन किती रुपयांना पडतं ते काढा. किंमत भागिले पॅकमधलं एकूण प्रोटीन. समजा टोन्ड दूध ५८ रुपये लिटर, त्यात ३२ ग्रॅम: ग्रॅमला १ रुपया ८० पैसे. मिल्क पावडर ४०० रुपये किलो, त्यात ३५० ग्रॅम: सव्वा रुपयाच्या आत. व्हे कॉन्सन्ट्रेट (व्हेची साधी पावडर) २४०० रुपये किलो, त्यात ७५० ग्रॅम: ३ रुपये २० पैसे. सोयावडी १४० रुपये किलो, त्यात ५२० ग्रॅम: २७ पैसे. भाव तुमच्या दुकानातले टाका, क्रम सहसा हाच राहतो.

---

पनीरप्रेमी_महाल

पनीरच्या पाण्याला "काही नाही" म्हणणं पटलं नाही. व्हे म्हणजे तेच तर पाणी. कंपन्या तेच वाळवून डब्यात भरतात.

---

दूधशास्त्र

अर्धं बरोबर आहे, आणि म्हणूनच हा समज जात नाही.

डब्यातली व्हे मुख्यतः चीजच्या कारखान्यातून येते. तिथं दूध रेनेटनं (दूध गोठवणाऱ्या एन्झाइमनं) फाडतात, फारसं तापवत नाहीत. त्यामुळे केसिन (दुधातलं मुख्य प्रोटीन) गोळा होतं आणि व्हे प्रोटीन पाण्यात मोकळं राहतं. ते पाणीसुद्धा पातळच, शेकडा पाऊण ग्रॅमच्या आसपास. ते गाळून, घट्ट करून, मग वाळवतात.

पनीर करताना आपण दूध खळखळून उकळतो. त्या उष्णतेत व्हे प्रोटीनची घडी उलगडते आणि ते केसिनला चिकटतं. लिंबू पिळल्यावर दोन्ही मिळून पनीरमध्ये जातात. पाण्यात उरतं ते लॅक्टोज (दुधातली साखर), क्षार आणि थोडंसं प्रोटीन. ग्लासभर पाण्यात १ ग्रॅम प्रोटीन आणि १०-१२ ग्रॅम साखर. फेकू नका, त्यात कणीक भिजवा, वरण शिजवा. पण ज्याला प्रोटीन हवं त्यानं पनीर खावं. १०० ग्रॅममध्ये १८ ग्रॅम आहे.

आता मानेवाडा६२ यांच्या पोटाबद्दल. म्हशीच्या एक ग्लास दुधात १२ ग्रॅम लॅक्टोज, ३० ग्रॅम मिल्क पावडरमध्ये अजून १५. एका बैठकीत २७ ग्रॅम. ज्यांच्या आतड्यात लॅक्टेज (लॅक्टोज पचवणारं एन्झाइम) कमी असतं त्यांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत सहसा त्रास होत नाही, त्यापुढे गॅस धरतो. म्हणजे पावडर वाईट नव्हती, मात्रा एकदम पडत होती. दूध फुगवत असेल आणि दही फुगवत नसेल तर कारण हेच, दह्यातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग खातात आणि उरलेला पचवायला मदतही करतात.

तुमच्यासाठी चक्का. कृती नीट देतो, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात ती बिघडायच्या जागा ठरलेल्या आहेत.

१ लिटर टोन्ड दूध गंजात (पातेल्यात) उकळा आणि उकळी आल्यावर मंद आचेवर ५ मिनिटं तसंच ठेवा. दूध पाकिटाचं असलं तरी ही ५ मिनिटं गाळू नका. वर पनीरमध्ये जे होतं तेच इथं होतं, व्हे प्रोटीन केसिनला चिकटतं, दही घट्ट लागतं आणि टांगल्यावर पाण्यासोबत कमी वाहून जातं. मग ४२ अंशांपर्यंत निवू द्या, करंगळी बुडवून १० सेकंद सहज ठेवता आली पाहिजे. विरजण हिवाळ्यात एक चमचा, मे महिन्यात अर्धा चमचा. हिवाळ्यात ८ ते १० तास लागतात, नवतपात (मे अखेरच्या सगळ्यात तापणाऱ्या नऊ दिवसांत) साडेतीन-चार तासांत दही तयार असतं. रात्री लावून सकाळी बघायची सवय असेल तर उन्हाळ्यात ते आंबटढाण होणारच. दुपारी लावा, संध्याकाळी उचला.

दही लागलं की आधी २ तास फ्रिजमध्ये. मग पंचाच्या दुहेरी कापडात बांधून चाळणीवर, चाळणी पातेल्यावर, आणि हे सगळं फ्रिजमध्येच ६ तास. बाहेर खुंटीला टांगायची जुनी पद्धत जानेवारीत ठीक. मे महिन्यात घरातच ३८-४० अंश असतात, पाणी गळेपर्यंत आंबणं चालूच राहतं. एका लिटरचा साधारण ३५० ते ४०० ग्रॅम चक्का निघतो, त्यात २७-२८ ग्रॅम प्रोटीन. खाली हिरवट पिवळं पाणी येतं, तो रंग रायबोफ्लेविनचा, दूध खराब असल्याची खूण नाही. पाणी पांढरं दुधी येत असेल तर मात्र कापड विरळ आहे किंवा दही कच्चं असताना बांधलं.

२०० ग्रॅम चक्का, १५० मिली थंड पाणी, काळं मीठ, भाजलेलं जिरं, चार काड्या सांबार (कोथिंबीर) मिक्सरमधून फिरवा, २० सेकंद पुरे. साडेतीनशे मिली मठ्ठा, १४-१५ ग्रॅम प्रोटीन. दुकानात २०० मिलीच्या हाय प्रोटीन ताकाच्या पॅकवर जेवढं लिहिलेलं असतं जवळपास तेवढंच. तुमच्या दोन ग्लास ताकाच्या जागी हे ठेवा.

टांगायचा कंटाळा असेल तर विरजण लावण्याआधी लिटरमागे ५० ग्रॅम मिल्क पावडर थोड्या कोमट दुधात गुठळ्या मोडून मिसळा. लिटरभर दह्यात ३२ च्या जागी ४९ ग्रॅम. लॅक्टोज मात्र वाढतं, म्हणून एका वेळी वाटीभरच.

म्हशीच्या दुधाबद्दल एक. आपल्याकडची नागपुरी म्हैस, तीच ती लांब तलवारीसारख्या शिंगांची, दाट दूध देते. पण तो दाटपणा बराचसा स्निग्धांशाचा. प्रोटीन गाईच्या दुधात शेकडा ३.२, म्हशीच्या ३.८. फरक अर्ध्या ग्रॅमचा. स्निग्धांश मात्र ४ विरुद्ध ७. जिमच्या आधी अर्धा लिटर म्हशीचं दूध प्यायल्यावर स्क्वॅट (बार खांद्यावर घेऊन बैठका) करताना ते वर येणारच, एवढी चरबी पोटातून पुढे सरकायला वेळ घेते. ते दूध व्यायामानंतर घ्या. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २००७ मध्ये ५६ तरुणांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला. व्यायाम संपताच ५०० मिली सायविरहित दूध आणि तासाभरानं पुन्हा ५००. तितक्याच कॅलरीचं सोया पेय किंवा नुसतं साखरेचं पेय घेणाऱ्यांपेक्षा दूधवाल्यांचं चरबी सोडून उरलेलं वजन जास्त वाढलं. पण ते आठवड्यातून ५ दिवस चांगलं जड उचलत होते, हे विसरायचं नाही.

---

बर्डी_बारबेल

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. भाऊ, ३० ग्रॅमचा खड्डा भरा, पण बेंच ४० वर अडकायचं पहिलं कारण तुमचा प्रोग्रॅम आहे.

एक बॉडीपार्ट, एक दिवस, म्हणजे छातीला पुढचा सोमवार येईपर्यंत काम नाही. नवख्याला हे परवडत नाही. आठवड्यातून ३ दिवस करा, सोमवार-बुधवार-शुक्रवार, दोन पाळ्या आलटून पालटून. पहिली: स्क्वॅट, बेंच, बारबेल रो (वाकून बार पोटाकडे ओढणं). दुसरी: रोमानियन डेडलिफ्ट (कंबरेत वाकून बार उचलणं), ओव्हरहेड प्रेस (बार डोक्यावर ढकलणं), लॅट पुलडाऊन (वरची दांडी छातीकडे ओढणं), आणि शेवटी बेंचचे २ हलके सेट. प्रत्येकी ३ सेट, ८ ते १२ रेप्स. मोठ्या लिफ्टमध्ये दोन सेटच्या मध्ये अडीच-तीन मिनिटं थांबा. ४५ सेकंदांत परत बारखाली जाणाऱ्याचा दम संपतो, छाती संपत नाही. बायसेप्स-ट्रायसेप्स शेवटच्या १० मिनिटांत.

आता ४० चं कोडं. बहुतेक जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट २.५ किलोची. दोन्हीकडे लावली की उडी ५ किलोची, म्हणजे साडेबारा टक्के. १० रेप्सवरून ४५ ला गेलात तर ६ वर अडकता, घाबरून परत ४० वर येता, आणि हेच दीड महिना चालतं. म्हणून वजन नाही, आधी रेप्स वाढवा. ४० किलोवर ३ सेट १२-१२-१२ होईपर्यंत ४५ ला हात लावू नका. ४० चे १२ आणि ४५ चे ८ हे ताकदीच्या हिशेबात जवळपास सारखेच, त्यामुळे उडी बसते. किंवा १.२५ च्या दोन प्लेट स्वतःच्या घेऊन बॅगेत ठेवा, हा खर्च व्हेच्या डब्याआधी करा.

तुमचे तिन्ही सेट नेमके १०-१०-१० येतात, यावरूनही कळतं की पहिले दोन सेट सोपे सोडले जातायत. सेट थांबवताना अंगात एक-दोन रेप्सच उरल्या पाहिजेत. शेवटच्या रेपला बार आपोआप मंदावला नाही तर तो सेट वॉर्मअप होता. बेंचला कोणीतरी डोक्याशी उभं असू द्या. एकटे असाल तर कॉलर (प्लेट अडकवायची क्लिप) लावू नका, अडकलात तर बार एका बाजूला तिरपा करून प्लेट सरकवता येतात.

वही ठेवा. तारीख, वजन, रेप्स. ज्याच्याकडे वही नाही तो दर सोमवारी अंदाजानं उचलतो.

वजन वाढायचा वेग ६२ किलोला आठवड्याला १५० ते ३०० ग्रॅम पुरे. रोज सकाळी शौचानंतर, काही पिण्याआधी काटा बघा आणि ७ दिवसांची सरासरी काढा. एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही, काल रात्रीच्या जेवणातलं मीठसुद्धा अर्धा किलो हलवतं. दोन आठवडे सरासरी जागची हलली नाही तर २५०-३०० कॅलरी वाढवा. दोन पोळ्या आणि एक केळ, झालं.

---

वॉर्डबाहेर

दोन सूचना, थोडक्यात.

किडनीचा जुना आजार, एकच किडनी, किंवा लघवीतून प्रोटीन जात असेल तर १.६ चा आकडा तुमच्यासाठी नाही, आधी डॉक्टर. आणि क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पावडर) घेत असाल तर रक्ततपासणीआधी सांगा, त्यानं रिपोर्टमधलं क्रिएटिनिन (किडनीचं काम त्यावरून बघतात) थोडं वर दिसू शकतं आणि उगाच धावपळ होते.

दुसरी विदर्भासाठी खास. आपल्याकडे सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) बऱ्यापैकी आढळतो. आजार असेल तर अंगातलं पाणी कमी होऊन जड व्यायाम केल्यानं दुखण्याचा झटका येऊ शकतो. नुसते वाहक असलेल्यांना एरवी काही जाणवत नाही, पण ४४-४५ अंशांच्या दिवसांत बंद खोलीत दमछाक करणारा व्यायाम त्यांनाही महागात पडू शकतो. घरात कोणाला असेल तर आधी तपासणी करा, मग स्क्वॅट.

व्यायामाआधी आणि नंतर वजन करा. जितके किलो उतरले त्याच्या सव्वा ते दीडपट लिटर पाणी पुढच्या काही तासांत. वरचा मिठाचा मठ्ठा त्यात धरायला हरकत नाही.

---

मानेवाडा६२

प्रोग्रॅम बदलतो. चक्का आज दुपारी लावतो. पण परीक्षेच्या दिवसांत टांगाटांगी होणार नाही, तेव्हा डबा घेतला तर काय बघायचं? संत्र्याच्या रसात ढवळला तर चालतो का? आणि शेकरमध्ये दूध घालून बाइकच्या डिक्कीत ठेवलं तर?

---

दूधशास्त्र

डिक्कीतून सुरुवात करतो, कारण तिथं माणूस आजारी पडतो. उन्हात उभ्या गाडीची डिक्की ५० अंशांच्या पुढे जाते. तीत गार दूध तासाभरात जिवाणूंच्या आवडत्या तापमानाला येतं. कोरडी पावडर शेकरमध्ये, पाणी वेगळ्या बाटलीत, मिसळायचं जिममध्ये. दूधच हवं असेल तर न उघडलेला टेट्रापॅक न्या, उघडला की तिथंच संपवा.

डबा घेताना पुढची जाहिरात नाही, मागचा तक्ता वाचा. प्रोटीनचे ग्रॅम भागिले स्कूपचे ग्रॅम. ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये २३-२४ असतील तर कॉन्सन्ट्रेट, २६-२७ असतील तर आयसोलेट (जास्त गाळलेली व्हे). स्कूप ७५ ग्रॅमचा आणि प्रोटीन १५ असेल तर तो मास गेनर, म्हणजे मुख्यतः माल्टोडेक्स्ट्रिन, स्टार्चपासून केलेली पावडर. ती कॅलरी भातात स्वस्त मिळते. घटकांच्या यादीत ग्लायसिन किंवा टॉरिन वेगळं लिहिलं असेल तर ठेवून द्या. प्रोटीन नायट्रोजनवरून मोजतात, आणि ही स्वस्त अमिनो आम्लं तो आकडा फुगवतात. एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक बघा, आयात माल असेल तर आयातदाराचं लेबलही. तुमचं पोट लॅक्टोजला कुरकुरतं, तेव्हा कॉन्सन्ट्रेट आधी अर्धा स्कूप. फुगलं तरच आयसोलेट, त्यात लॅक्टोज नावापुरतं असतं.

डबा कूलरसमोर ठेवू नका. ही चूक नागपुरात घरोघरी होते. पावडर हवेतली ओल ओढते, कूलरची हवा म्हणजे ओलच, आठ दिवसांत खडे होतात. ओला स्कूप आत टाकणं त्याहून वाईट.

संत्रं. केसिन पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तेवढं आंबट) ४.६ ला गोठतं, संत्र्याचा रस ३.५ च्या आसपास. म्हणून दुधात रस घातला की फाटतं. विष होत नाही, पण पिववत नाही. व्हे आयसोलेट नुसत्या पाण्यात किंवा रसात ढवळलं तर बऱ्यापैकी विरघळतं, दूध मध्ये आणलं की बिघडतं. सोपा मार्ग चक्क्याचा. तो आधीच गोठलेला आहे, अजून फाटायचं त्याला काही उरलेलं नाही. सोललेल्या फोडी हातानं कुस्करून, बिया काढून चक्क्यात मिसळा, मिक्सरमध्ये नको, बी आणि पांढरी साल फिरली की कडू होतं.

---

पनीरप्रेमी_महाल

पनीरच्या पाण्यात कणीक भिजवून बघितली, पोळ्या मऊ होतात. तेवढं मान्य. गरम दुधात व्हे घातली की गोळे होतात, म्हणजे प्रोटीन मेलं ना?

---

दूधशास्त्र

नाही. ७० अंशांच्या वर व्हेची घडी उलगडून गुठळ्या होतात, पण पोटातलं आम्ल तेच करणार असतं. ग्रॅम तेवढेच मिळतात, फक्त घशाखाली उतरत नाहीत. हिवाळ्यात गरम हवंच असेल तर दूध कोमट करा, पावडर आधी चार चमचे गार दुधात पेस्टसारखी कालवा, मग त्यावर कोमट दूध. आणि शेकरमध्ये नेहमी द्रव आधी, पावडर नंतर, नाहीतर तळाशी सिमेंट बसतं.

---

बर्डी_बारबेल

शेकर लगेच धुणं जमत नसेल तर निदान जिमच्या नळाखाली दोनदा खळबळून झाकण उघडंच ठेवा. वास बाटलीला नसतो, झाकणातल्या रबरी चकतीखाली असतो. ती सुईनं उचलून निघते. आठवड्यातून एकदा काढून गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्यात अर्धा तास बुडवा.